वाट नसलेली कंबर

ज्या गृहस्थांची ही हकीकत आहे, त्यांची बोटे कधीच स्वस्थ नसत. बोलता बोलता ती टेबलाच्या कडेवरून फिरत, खुर्चीच्या पाठीची शिवण शोधत, समोरच्याच्या पिशवीचा बंद चाचपून पाहत. जणू सृष्टीतील प्रत्येक वस्तूला कुठेतरी एक जोड असतो आणि तो हाताला लागल्यावाचून त्या वस्तूची ओळख पुरी होत नाही. उमेदीची एकवीस वर्षे त्यांनी मोटारींच्या आणि बसगाड्यांच्या बैठका शिवण्यात घालवली. शिवणकाम करणारा म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. पुढे ते एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला लागले, तेव्हा ते नावही त्यांच्यामागोमाग तिथे आले. नव्या डॉक्टरांना काही दिवस वाटे, की हे गृहस्थ इथे काहीतरी शिकवत असावेत. तो समज खोडून काढण्याची तसदी मास्तरांनी कधी घेतली नाही, आणि खरे पाहता तो तितकासा खोटाही नव्हता.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या अखंड घरघरीला लागून, एक लांबट खोली होती. कागदोपत्री तिचे नाव कौशल्य प्रशिक्षण कक्ष. सगळे तिला पुतळ्यांची खोली म्हणत. तिथे सदैव जबडा उघडा असलेले एक डोके होते. शिरांच्या जागी रबरी नळ्या असलेला एक एकटा हात होता, छातीपुरते एक धड होते, आणि लांब मेजावर कुशीवर निजवलेल्या तीन कंबरा होत्या. नवशिक्या डॉक्टराने जिवंत देहात सुई घालण्याआधी ती इथे घालावी, चुकायचे तर इथे चुकावे, आणि त्याला काय येते व काय येत नाही याचा निवाडाही इथेच व्हावा, अशी त्या खोलीची योजना होती. त्या पुतळ्यांची निगा मास्तरांकडे होती.

तीन कंबरांवर त्यांचा विशेष जीव. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या निर्मळ पाण्यात तरंगत असतात, ते पाणी कधी तपासणीसाठी, कधी उपचारासाठी थोडेसे काढून घ्यावे लागते. त्यासाठी कमरेच्या दोन मणक्यांमधल्या अरुंद फटीतून एक लांब, बारीक सुई आत न्यावी लागते. डॉक्टराला डोळ्यांनी काहीच दिसत नाही. सारे ज्ञान बोटांच्या टोकाशी गोळा झालेले असते. आधी कातडी, मग मऊ चरबी, मग चिवट अस्थिबंध, आणि मग एकाएकी सुईपुढचा विरोध सरल्याची ती सूक्ष्म जाणीव. मास्तरांनी ही उतरंड बैठकांच्या सामानातून रचली होती. वर रबराची कातडी, खाली दोन जातींचा फोम, अस्थिबंधाच्या जागी बैठकीच्या कडेला लागणारी जाड कापडी पट्टी, आत लाकडी मणके आणि त्यांच्याही आत पाण्याने भरलेली नळी. प्रशिक्षणाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटून त्या कमरेत सुई घातली होती आणि क्षणभर थांबून म्हटले होते, "मास्तर, हे माणसासारखं लागतं." हे चार शब्द मास्तरांनी मनाच्या आतल्या खिशात जपून ठेवले होते.

मोठ्या बाई मूळच्या भूल देणाऱ्या डॉक्टर. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, आवाज कोरडा. परीक्षेसाठी त्यांनी वीस ओळींची एक यादी केली होती. हात धुतले का, रुग्णाला समजावले का, जागा बोटांनी नीट शोधली का, कातडी स्वच्छ केली का, सुईतली तार योग्य वेळी काढली का. प्रत्येक ओळीला एक गुण. त्यांच्या दारावर गेल्या तीन वर्षांच्या निकालांचा आलेख चिकटवलेला होता आणि त्यातली रेघ जिन्यासारखी चढत गेली होती. पाहुणे आले की बाई त्या रेघेकडे काहीच न बोलता हात करत.

त्या रेघेच्या अगदी टोकाला एक तरुण डॉक्टरीणबाई होती. लेखी परीक्षेत वीसपैकी वीस, कमरेवर वीसपैकी वीस, तेही लागोपाठ दोन वर्षे. परिचारिकांनी तिचे नावच 'पैकीच्यापैकी' ठेवून दिले होते आणि ती ते हसून ऐकून घेई.

म्हणूनच त्या सोमवारी सकाळी घरी आलेल्या कागदावर तिचे नाव दिसले तेव्हा मास्तरांना हायसे वाटले. गेले सात महिने त्यांच्या पत्नीचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. एके काळी बाजारात ती इतकी भरभर चाले, की मास्तर पिशव्या घेऊन मागून "अगं, थांब की जरा" करत धावत. आता ती पाऊल उचलण्याआधी जमिनीकडे बघत उभी राही. डॉक्टरांचे म्हणणे असे, की डोक्यात पाणी साठले असावे; गुरुवारी पाठीतून थोडे काढून पाहू आणि चाल सुधारते का ते बघू. सुधारली, तर पुढचा कायमचा उपाय करता येईल. म्हणजे सारे काही त्या एका सुईवर होते.

"आमच्याकडची पहिली आहे ती," मास्तर पत्नीला म्हणाले. "तू निर्धास्त राहा."

"मी निर्धास्तच आहे," ती म्हणाली. "तुमचाच चहा मघापासून बशीत चाललाय."

मास्तर कामावर गेले खरे, पण हाताला चैन नव्हते. मधल्या कमरेची कातडी पुसताना त्यांना वाटले, सहज, एकदा आपणही सुई घालून पाहावी. ते डॉक्टर नव्हते. जागा शोधण्याची रीत त्यांनी शंभरदा ऐकली होती, पण बोटांनी कधी केली नव्हती. त्यांनी अंदाजाने सुई टेकवली. पहिल्याच वेळी पाणी आले. त्यांनी सुई काढली आणि मुद्दाम वाकडी, खाली झुकवून घातली. दोन बोटांएवढी आत गेल्यावर सुई त्यांच्या हातातच आपणहून वळली, सरळ झाली आणि पाण्याशी जाऊन थांबली.

मास्तरांनी दार लावून घेतले, फोमचा ठोकळा बाहेर काढला आणि पात्याने उभा चिरला. आत एक बोगदा होता. शेकडो सुया एकाच वाटेने गेल्याने झालेला, बाहेरून न दिसणारा, आतून गुळगुळीत.

न दिसणारा, कारण तो दिसू नये याची काळजी त्यांनीच घेतली होती. कातडीवरची छिद्रे ते दर आठवड्याला रंग मिसळलेल्या लेपाने इतकी बेमालूम बुजवत, की बाईंनाही शोधून सापडत नसत. ठोकळा शंभर सुयांनंतर बदलावा, असे आधीच्या विकतच्या पुतळ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते. मास्तरांनी ते वाचून मनात हसून घेतले होते. त्यांनी रचलेली वस्तू शंभरात फाटायची? त्यांच्या जुन्या धंद्यात उत्तम बैठक तीच, जी बसणाऱ्याचे अंग ओळखते, त्याचा भार लक्षात ठेवते आणि वर्षानुवर्षे त्याच्यासाठी तीच खोलगट जागा राखून ठेवते. टिकणे आणि आठवण ठेवणे हाच तिथला धर्म. इथला धर्म नेमका उलटा होता. या कमरेने प्रत्येक सुई विसरायला हवी होती. आयुष्यभर ज्या गुणाची त्यांनी आराधना केली, तोच गुण इथे दोष ठरला होता, आणि तीन वर्षे कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

चिरलेला ठोकळा त्यांनी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

"बाई, तीन वर्षं ही परीक्षा फोम देतोय. डॉक्टर नाही."

बाईंनी चष्मा लावला, दोन्ही अर्धुके हातात घेऊन पाहिली, सुई त्या खोबणीत ठेवून सरकवली. मग किती जण यावर उत्तीर्ण झाले, ते विचारले. मास्तरांनी एकशे बारा सांगितले.

"एकशे तेरा," बाई म्हणाल्या. "दर परीक्षेआधी मी टोचून बघते. मलाही दरवेळी पहिल्या फटक्यात मिळायचं. मला वाटायचं, या वयातही हात शाबूत आहे."

त्यांनी मान वळवून दारावरच्या आलेखाकडे पाहिले. निकालांची रेघ का चढत गेली, ते आता दोघांनाही स्पष्ट होते. शिकवणे सुधारले नव्हते. बोगदा गुळगुळीत झाला होता. बाई उठल्या, आलेख काढला, घडी घालून खणात ठेवला. त्यांनी मास्तरांना बोल लावला नाही, सांत्वनही केले नाही. एवढेच सांगितले, की एकशे बाराही जणांना पुन्हा तपासायचे. या आठवड्यात ज्यांच्या हातून ही सुई कुणाला टोचली जाणार आहे ते आधी, परवाच. तोवर तीन नव्या कंबरा हव्यात, एकसारखी एकही नको.

मास्तरांनी गुरुवारची गोष्ट सांगितली ती इथे. दुसरा डॉक्टर देता येईल, बाई म्हणाल्या, पण तोही याच फोमवर पास झालेला असेल. बुधवारी बघा आणि मग मला सांगा.

त्या संध्याकाळी पाठ चोळून देण्याच्या निमित्ताने मास्तर पत्नीच्या कमरेवरून बोटे फिरवत राहिले. कणा एका बाजूला किंचित झुकलेला होता. वयाने मणके एकमेकांवर टेकले होते. ज्या फटीत सुई जायची, तिथे बोट ठरेना. ते पुन्हा पुन्हा त्याच जागी येत, अंतर वितीने मोजत, मनात टिपून ठेवत.

"अहो, चोळताय की मापं घेताय?" ती पालथी पडल्या पडल्या म्हणाली. "एकवीस वर्षं गाड्यांच्या पाठी शिवल्यात. आता माझी उसवू नका."

मंगळवारचा दिवस त्यांनी करवत, कानस आणि पाते यांच्या सोबतीत काढला. पहिली कंबर सर्वसाधारण केली, दुसरी स्थूल. तिसरी त्यांनी कालच्या आठवणीवरून घडवली: झुकलेला कणा, दाटलेले मणके. संध्याकाळी सुई घालून पाहिली तर ती लाकडावर अडली. वर सरकवली, पुन्हा लाकूड. खाली, पुन्हा लाकूड. पंधरा-वीस प्रयत्न झाले. मापे इतकी काटेकोर उतरली होती की मधून जायला वाट उरलीच नव्हती. मास्तरांच्या कानशिलांवर घाम आला. ही आपली चूक की तिची पाठ खरोखरच अशी, हे त्यांना ठरवता येईना. ते मणके पुन्हा कानसायला घेणार, तोच बाई दारात आल्या, त्यांनीही चार ठिकाणी सुई घालून पाहिली आणि म्हणाल्या, "राहू दे. अशी माणसं असतात."

बुधवारी सहा डॉक्टर आले. फोम बदलल्याचे बाईंनी सांगितले, बाकी काही नाही. एरवी त्या खोलीत थट्टामस्करी चाले. त्या सकाळी पहिल्या दोघांनी घाम पुसत पुसत सुया बाहेर काढल्यावर ती थांबली. पैकीच्यापैकी तिसरी आली. पहिल्या कमरेवर तिला दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा पाणी मिळाले. दुसऱ्या कमरेवर चौथ्यांदा. तिचे कान लाल झाले होते, पण हात नेटके चालत होते. मग ती तिसरीपाशी आली.

यादीतली प्रत्येक ओळ तिने निर्दोष पार पाडली. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहत होते, आणि सुई लाकडावर अडल्याचा तो बारीक टक् असा आवाज त्यांच्या स्वतःच्या पाठीत उमटत होता. टक्. तिने सुई थोडी मागे घेतली, दिशा बदलली. टक्. एक मणका वर. टक्. तिचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. समोर कंबर आहे हे ती विसरली असावी. समोर फक्त तो विसावा गुण उरला होता. मास्तर मोजत होते. सहा. सात. आठ. नवव्या वेळी ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"कितव्यांदा?" बाईंनी विचारले.

तिने वर पाहिले. "तीन... चार असेल."

"अकरा," मास्तर म्हणाले.

सुई तिच्या हातातच राहिली. मग ती म्हणाली, की वीसही ओळी तिने केल्या होत्या, हवे तर पडताळून पाहा. यादीत कुठे थांबा असे लिहिले आहे? त्या स्वरात उद्धटपणा नव्हता. खरोखरच्या गोंधळात पडलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि तो योग्य होता. बाईंनी यादीचा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"नाही लिहिलेलं. माझी चूक. लिहा तुम्ही."

तिने हातमोजे उतरवले. वीस ओळींखाली बराच वेळ पेन्सिल टेकवून ठेवली आणि मग लिहिले: दोन प्रयत्न झाले की थांबावे, रुग्णाला सांगावे, वरिष्ठांना बोलवावे. कागद तिने परत दिला तेव्हा बाईंनी तिथेच तिचे गुण मांडले. एकवीसपैकी वीस.

दुपारी ती एकटीच खाली आली. मास्तर तिसऱ्या कमरेची कातडी उसवत होते. ही कुणाच्या पाठीवरून केली, असे तिने विचारले. इतक्या खोडी माणूस मनाने रचत नाही, असे तिचे म्हणणे. मास्तरांनी सांगितले. ती मेजाच्या कडेला टेकली. उद्याच्या यादीतले ते नाव तिने वाचले होते, पण ते कुणाचे कोण हे तिला ठाऊक नव्हते.

"काका, मी नको असेन तर स्पष्ट सांगा. मला वाईट वाटेल, पण मी दुसऱ्याला सांगेन."

मास्तरांची बोटे शिवणीवरून पुढेमागे होत राहिली. नको, हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. पण दुसरा कोण? उरलेल्या पाचांपैकी दोघांनी तिसऱ्या कमरेवर तेराच्याही पुढे मजल मारली होती, आणि त्यातल्या एकाने नंतर पुतळ्यालाच नावे ठेवली होती. हिने निदान कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले होते. लिहिणे आणि जिवंत पाठीसमोर थांबणे यांत किती अंतर आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

"मोजाल का उद्या?" त्यांनी विचारले.

"मोजेन."

गुरुवारी सकाळी मार्गिकेत फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या गेल्या, एकमेकींपासून दहा मीटरवर. तेवढे अंतर चालायला पत्नीला एकोणचाळीस पावले लागली. मग तिला आत नेले आणि दार लोटून घेतले गेले.

मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. बाकाचे रेक्झिन कडेला उसवले होते. त्यांच्या नखाने तो धागा आपोआप धरला. आतून तरुण आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. मग शांतता. पहिला प्रयत्न चालू असेल, त्यांनी ठरवले. पत्नी हळूच कण्हली. मग पुन्हा तो आवाज, पुन्हा शांतता, या वेळी लांब. मास्तरांनी धागा ओढला. चार टाके सुटले. दुसरा प्रयत्न. आता तो टक् असा आवाज होत असेल, जो दाराबाहेर येत नाही. आता ती सुई थोडी मागे घेईल, दिशा बदलेल, तिचा चेहरा कठीण होईल. आतला प्रत्येक क्षण त्यांना तिसरा प्रयत्न वाटू लागला. ते उठले, दाराच्या मुठीपर्यंत हात नेला, मागे घेतला.

दार आतूनच उघडले. हातमोजे घातलेले हात छातीशी धरून पैकीच्यापैकी उंबऱ्यात उभी होती. ती मास्तरांकडे न बघता परिचारिकेला म्हणाली, "मोठ्या बाईंना बोलवा. माझे दोन झाले."

मास्तर बाकावर बसले आणि उसवलेला धागा परत आत खोचू लागले.

बाई आल्या. त्यांनी पत्नीला उठवून बसवले, उशीला मिठी मारायला लावली आणि मधली वाट सोडून बाजूने, तिरकी सुई नेली. त्यांनाही दोनदा दिशा बदलावी लागली. मग पाणी आले. हे सगळे मास्तरांना नंतर पत्नीकडून कळले. तिच्या मते मोठ्या बाईंचा हात जड होता. "त्या पोरीचा हलका आहे. दोनदा टोचलं, मग समोर येऊन खाली बसली आणि म्हणाली, मावशी, मला जमत नाहीये, ज्यांना जमतं त्यांना बोलावते. मी म्हटलं, अगं, आमच्या घरात हे वाक्य तीस वर्षांत कुणी बोललेलं नाही."

दुपारी, तीन तास आडवे पडून झाल्यावर, पुन्हा त्या दोन खुणा. पैकीच्यापैकी वही घेऊन एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला, पत्नी मध्ये. पहिले पाऊल उचलण्याआधी ती जमिनीकडे पाहील, या भीतीने मास्तरांनी हात पुढे धरला होता. तिने पाहिले खरे, पण थांबली नाही. दुसऱ्या खुणेशी पोचून ती भिंतीला हात न लावता वळली.

"सव्वीस," तरुण डॉक्टरीण म्हणाली, आणि लिहिण्याआधी तिने मास्तरांकडे पाहिले.

"सत्तावीस," मास्तर म्हणाले. "वळताना एक अर्धं टाकलं तिने."

तिने सव्वीस खोडून सत्तावीस लिहिले. हा गुण उतरेल, दोन दिवसांत पाय पुन्हा जड होतील, पुढच्या उपायासाठी तारीख घ्यावी लागेल, तिथेही सुई असेल, असे ती समजावून सांगत होती. मास्तर ऐकत होते, मान हलवत होते. उद्या सकाळी तिन्ही ठोकळे चिरून नवे घालायचे आहेत, असा विचार एकीकडे त्यांच्या मनात चालला होता. पत्नी तोवर आपल्या खाटेच्या दिशेने निघून गेली होती, आणि मार्गिकेच्या टोकाशी तिची पाठ दिसत होती, एका बाजूला किंचित झुकलेली.

"अगं, थांब की जरा," मास्तर म्हणाले आणि तिच्या मागे निघाले.